दुपारी बारा ते चार

हवामानाचा इशारा आला की पाऊस येईलच असं नाही, वीज पडेलच असं नाही, पण आमच्या युनिटमध्ये किस्सा मात्र हमखास घडतो. यंत्रमागाखाली कापसाची रुई साठते तसे हे किस्से साठत गेलेत. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढीच. चहाच्या वेळी एकाने एक काढला की दुसऱ्याला दुसरा आठवतो आणि सगळे हसतात. मीही हसतो. फक्त एक किस्सा माझ्यासमोर कुणी काढत नाही. तो मी इथे सांगणार आहे. बाकीच्या किस्स्यांच्या मधे ठेवून सांगतो, म्हणजे जमेल.

आधी माणसं सांगतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेल-चादरींचं युनिट आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. नरसय्या आमचा जॉबर, म्हणजे माग बंद पडला की ज्याच्या नावाने हाका सुरू होतात तो. इरम्मा कांड्यांवर सूत भरते आणि सगळ्या बायकांच्या वतीने बोलते. गेटवर मौलाचाचा असतात. मी माने, ऑफिस बघतो. सेफ्टी इनचार्जही मीच. ते पद कसं मिळालं? अण्णांनी एकदा मीटिंगमध्ये विचारलं, "सरकारी मेल कोण वाचतं आपल्यात?"

मी हात वर केला!

*

एका सकाळी सगळ्यांचे फोन एकाच वेळी किंचाळले. आमच्याकडे मागांचा खडखडाट एवढा असतो की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी फक्त ओठ हलताना दिसतात. पण हा आवाज त्याच्याही वर निघाला. तीस-चाळीस खिशांतून एकदम भोंगा.

नरसय्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला. बायका कांड्या टाकून बाहेर पळाल्या. चाचांनी दोन्ही गेटं सताड उघडली आणि स्वतः रस्त्यात उभे राहून ट्रक थांबवला. दोन मिनिटांत अख्खं युनिट लिंबाच्या झाडाखाली, रांगेत, माणसं मोजून! अशी शिस्त मी आयुष्यात पाहिली नव्हती. मला भरून आलं.

मग कुणीतरी मेसेज वाचला. ही फक्त चाचणी आहे, कोणतीही कृती करू नये, असं त्यात लिहिलं होतं.

आजवर आलेल्या इशाऱ्यांपैकी आम्ही मनापासून पाळलेला तेवढा एकच.

*

उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटेचा पहिला इशारा आला तेव्हा मी स्वतः नोटीस टाइप केली. 'दुपारी बारा ते चार या वेळेत उन्हात बाहेर पडू नये. भरपूर पाणी प्यावे. डोके झाकावे.' अक्षर मोठं ठेवलं आणि सगळ्यांना दिसावी म्हणून गेटच्या बाहेरच्या भिंतीवर चिकटवली. भिंत पश्चिमेकडे तोंड करून. सकाळी बरी होती. दुपारी तिथे तवा तापायचा.

इरम्मा डोक्यावर पदर ओढून नोटिशीसमोर उभी राहिली.

"सायब, काय लिवलंय ह्ये?"

मी वाचून दाखवलं. तिच्यामागे आणखी चौघी आल्या. त्यांच्यासाठी पुन्हा वाचलं. एकीला मराठी नीट कळत नव्हतं, तिला इरम्माने कानडीत सांगितलं. तेवढ्यात पाचवी म्हणाली, मला आधीचं ऐकू आलं नाही. मी तिसऱ्यांदा वाचलं.

इरम्मा शांतपणे म्हणाली, "सायब, उन्हात हुबारू नगा, ह्ये सांगायला उन्हात हुबं केलंय व्हय आमाला?"

त्याच आठवड्यात मी बायकांना सांगत होतो की आतच बसा, आत सुरक्षित आहे. इरम्माने वर बोट केलं. वर पत्रा होता. आमच्या शेडमध्ये उन्हाळ्यात फरशीवर पाणी मारतात आणि खिडक्यांना ओली पोती लावतात, पण ती सुतासाठी. कोरड्या हवेत सूत तुटतं. नरसय्या दर तासाला पाणी मारायचा. बायकांची बसायची जागा मात्र सुतापासून लांब, कोरड्या कोपऱ्यात.

"आमाला बी सुताशेजारी बसवा की," इरम्मा म्हणाली. "आमी बी तुटतोय."

सगळे हसले. त्यांची जागा बदलायला मला चार दिवस लागले. माझ्या केबिनमध्ये कूलर होता.

*

आता तो किस्सा.

दोन वर्षं झाली. एप्रिल होता, रेड अलर्ट होता. वरून मेल आला की प्रत्येक युनिटने उष्णतेविषयी सूचनाफलक लावावा आणि लावल्याचा फोटो त्याच दिवशी चारच्या आत पाठवावा. कागदी नोटीस चालणार नव्हती. मी सकाळीच शहरातल्या एका प्रिंटिंगवाल्याला मजकूर पाठवला. फ्लेक्स दीडला तयार झाला. आणायला माणूस नव्हता. टेम्पो माल घेऊन गेला होता, नरसय्या मागाखाली होता. मी अण्णांच्या मीटिंगमध्ये होतो.

मी घरी फोन केला. सुमन, माझी बायको, जेवण आटोपून बसली होती.

"अहो, संध्याकाळी आणते ना," ती म्हणाली. "केतकीचं पार्सल टाकायला जायचंच आहे, ऊन उतरलं की."

केतकी आमची मुलगी, पुण्यात नोकरी करते. तिने दोन चादरी मागवल्या होत्या.

मी म्हणालो, "पार्सल आत्ताच घे की बरोबर. एका फेरीत दोन्ही होईल. मला चारच्या आत फोटो पाठवायचाय."

"बोर्डवर काय लिहिलंय ते माहीत आहे ना तुम्हाला?" ती हसत म्हणाली.

"माहीत आहे. मीच लिहिलंय."

ती स्कूटरवर निघाली. माझी घाई म्हणून आधी बोर्ड घेतला आणि सरळ युनिटवर आली. पार्सल डिकीतच राहिलं. गेटवर तिने बोर्ड चाचांच्या हातात दिला आणि लिंबाखाली बसली. पाणी नको म्हणाली, मळमळतंय म्हणाली. मग तिचं बोलणं अडखळायला लागलं. इरम्माने तिच्या डोक्यावर बादली ओतली. टेम्पो तेवढ्यात परत आला होता, त्यातूनच आम्ही तिला हॉस्पिटलला नेलं. दिवस मावळायच्या आत ती गेली. डॉक्टर म्हणाले, उष्माघात.

नरसय्याला मी सकाळीच सांगून ठेवलं होतं की बोर्ड आला की लावायचा आणि फोटो टाकायचा. त्याने गडबडीतही सांगितलेलं काम केलं. त्याचा काय दोष? हॉस्पिटलच्या बाकावर माझा फोन वाजला. ग्रुपवर फोटो आला होता. 'दुपारी बारा ते चार या वेळेत उन्हात बाहेर पडू नये.' खाली सात अंगठे. मीटिंग आटोपून अण्णा आधीच निघून गेले होते, काय झालंय ते त्यांना अजून कळलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, 'वेल डन माने! वेळेच्या आत!'

*

केतकी आली तेव्हा आई रस्त्यात चक्कर येऊन पडली, एवढंच मी तिला सांगितलं. युनिटचं नाव घेतलं नाही. बोर्डचंही नाही.

दुसऱ्या दिवशी कागदपत्रांसाठी आईचं आधार कार्ड हवं होतं. ते डिकीत असेल म्हणून केतकीने घरी आणून लावलेल्या स्कूटरची डिकी उघडली. आत खाकी कागदातलं पार्सल होतं. वर सुमनच्या अक्षरात केतकीचा पत्ता, पिनकोडखाली दोन रेघा.

ती पार्सल मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

"माझ्यासाठी निघाली होती ती," केतकी म्हणाली. "बाबा, माझ्यासाठी."

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "चहा घे थोडा."

मग युनिटमधली माणसं भेटायला आली. मी सगळा वेळ केतकीच्या शेजारी बसून राहिलो. लोकांना वाटलं, बाप मुलीला सांभाळतोय. इरम्मा तिचा हात धरून म्हणाली, "लेकरा, त्या दिवशी तुजी आई..." आणि मी मधेच विचारलं, "इरम्मा, परतायला रिक्षा मिळेल का तुम्हाला?"

इरम्मा म्हणाली, "मिळंल की, सायब." आणि उठली.

*

बोर्ड मी काढून टाकला. का काढला, असं अण्णांनीही विचारलं नाही. पण इशारे थांबत नाहीत ना! पुढच्या उन्हाळ्यात काहीतरी करणं भाग होतं, आणि गेटवर अक्षरं लावायची माझी तयारी नव्हती.

मग नरसय्यानेच सुचवलं, "सार, रंगाचं काम आहे तर टॉवेल लावू." पिवळा इशारा असला की पिवळा टॉवेल, ऑरेंज असला की ऑरेंज, रेड असला की लाल. वाचता न येणाऱ्यालाही कळणार. मला कल्पना फार आवडली.

पहिल्याच दिवशी मी ऑरेंज टॉवेल मागितला. नरसय्या रंगछटांचं शेडकार्ड घेऊन आला.

"कुठला ऑरेंज, सार? यात नऊ आहेत."

नऊतला एक ठरवला. मग रेड अलर्ट आला तेव्हा लाल टॉवेल चढवला. तीन दिवस तो भर उन्हात फडकत होता. चौथ्या दिवशी सकाळी सगळ्या बायका खुशीत! एकमेकींना सांगताहेत, उतरला म्हणे इशारा, आता ऑरेंजवर आला.

मी मोबाईल बघितला. इशारा रेडच होता. टॉवेल बघितला. उन्हाने लालाचा ऑरेंज झाला होता!

अण्णा धावत बाहेर आले. मला वाटलं, माणसांची काळजी. ते दबक्या आवाजात म्हणाले, "माने, आधी काढा तो खाली. आपला रंग कच्चा आहे हे गिऱ्हाइकाने बघितलं तर?"

तेव्हापासून लाल टॉवेल रोज सकाळी बदलतो. बघणाऱ्याला युनिटमधला सर्वांत पक्का रंग सध्या गेटवरच्या टॉवेलचा वाटतो.

*

विजांचा इशारा निराळा. तो येतो तेव्हा पंधरा-वीस मिनिटंच हातात असतात. चाचांची खोपटी पत्र्याची, वर लिंबाचं झाड, शेजारी लोखंडी गेट. वीज पडायला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. मी त्यांना म्हटलं, "चाचा, ऑफिसमध्ये येऊन बसा."

"गेट कौन देखेगा, साब?"

"अर्धा तास कुणी नाही बघितलं तरी चालेल."

"नक्को साब. बिजली तो आके चली जाती. चोर आया तो आप मेरेकूच पूछते."

शेवटी मी सेफ्टी इनचार्ज म्हणून ऑर्डर दिली, तेव्हा ते आले. केबिनमध्ये खुर्चीच्या कडेला बसून राहिले, काचेतून गेटकडे बघत. बाहेर कडकडाट सुरू झाला. तेवढ्यात शिफ्ट सुटली. पाऊस कोसळत होता, म्हणून सुटलेली तीसेक माणसं आपापल्या सायकली आणि मोटारसायकली धरून लिंबाच्या झाडाखाली दाटीवाटीने उभी राहिली!

मी खिडकी उघडून ओरडलो. झाडाखालून एकजण म्हणाला, "काय व्हत न्हाय सायब, टायर रबराचं हाय!"

चाचा म्हणाले, "साब, एक मेरेकू अंदर लिये. तीस उधर भेज दिये."

शिफ्ट दहा मिनिटं थांबवायची, हे मला सुचलंच नव्हतं. वीज पडली नाही. आमच्याकडे सेफ्टीचा बराचसा हिशोब असाच मिटतो.

*

यावर्षी फेब्रुवारीपासूनच मागचा मोकळा प्लॉट वाळून पिवळा झाला होता. कमरेएवढं गवत. एका सकाळी मेसेज आला की वारा आहे, गवत पेटण्याचा धोका आहे, कचरा जाळू नये. मी तो वाचला आणि ग्रुपवर टाकला. ग्रुपवर टाकलं की आमच्याकडे काम झालं असं धरतात. मीही धरलं.

मौलाचाचांचा फोन बटणांचा. त्यांच्याकडे ग्रुप नाही. त्यांनी रोजच्याप्रमाणे युनिटच्या मागे झाडलेली रुई आणि कचरा पेटवला.

पाच मिनिटांत गवताने पेट घेतला. वारा आमच्याच बाजूचा. प्लॉटच्या या टोकाला आमचं सुताचं गोदाम! बायका ओरडत बाहेर आल्या. मी आग विझवायचं सिलिंडर आणायला धावलो. ते भिंतीवर होतं, आणि त्याची पिन निघेना.

खंडेनवमीला आम्ही सगळ्या हत्यारांची पूजा करतो. माग, कात्र्या, पाने, टेम्पो. नरसय्या श्रद्धेचा माणूस, त्याने सिलिंडरलाही हळदकुंकू लावून लाल दोरा बांधला होता. नुसता बांधला नव्हता. जॉबरची गाठ ती, मागावर सुटू नये अशी मारलेली! दोरा नेमका पिनेतून ओवलेला. मी ओढतोय, नरसय्या दाताने दोरा तोडतोय आणि मधेच कपाळाला हात लावून देवाची माफी मागतोय.

त्या सिलिंडरच्या कार्डावर 'तपासले' म्हणून दर महिन्याला सही होती. सही माझी. दोरा ऑक्टोबरपासून तिथे होता.

इरम्माने आमची वाट बघितली नाही. तिने पॅकिंगच्या टेबलावरचा गठ्ठा उचलला, पाण्याच्या टाकीत बुचकळला आणि बायकांच्या हातात एकेक ओला टॉवेल देऊन गवतावर आपटायला लावला. पंधरा-वीस बायका रांगेत, धोबीघाटासारख्या. आग मागे सरायला लागली.

तेवढ्यात अण्णा पोचले. आग बघितली, बायका बघितल्या, टॉवेल बघितले.

"अय्यो! एक्स्पोर्टचा माल हाय तो! डागी घ्या की, सेकंडचे!"

इरम्मा मागे न बघता ओरडली, "अण्णा, सेकंड पाणी पीत न्हाय!"

आग विझली. हा आमचा सर्वांत लोकप्रिय किस्सा आहे, अण्णा स्वतः पाहुण्यांना सांगतात. त्यात माझी सही येत नाही. आणि चाचांना कुणी का सांगितलं नव्हतं, हेही येत नाही. चाचा मला त्या संध्याकाळी एवढंच म्हणाले, "साब, मुंह से बोल देते. दस कदम पे तो बैठता मैं."

*

केतकीबरोबर राहणारी सायली मार्चमध्ये सोलापुरात एका लग्नाला आली होती. काकांना भेटून जावं म्हणून घरी आली. केतकी नव्हती बरोबर. आणखी दोन-तीन नातेवाईक बसले होते.

"काका, केतकी म्हणजे कमाल आहे!" सायली सांगायला लागली. "उन्हाळ्यात दुपारची काहीही मागवू देत नाही. जेवण नाही, औषध नाही, काही नाही. म्हणते, माझ्यासाठी कुणी उन्हात यायचं नाही. फिल्टर दुरुस्त करणारा दोनला येतो म्हणाला, तर या बाईसाहेब म्हणाल्या, सहाला या. सहाला त्याला जमेना. तीन आठवडे पाणी उकळून प्यायलो आम्ही!"

सगळे हसले.

"आणि मागच्या मेमध्ये माझं पार्सल चुकून एकला आलं. हिने त्या माणसाला वर आणला, पंख्याखाली बसवला, सरबत दिलं, अर्धा तास जाऊ देईना. त्याच्या पुढच्या डिलिव्हऱ्या सगळ्या लेट! जाताना हात जोडून म्हणाला, मॅडम, पुढच्या वेळी उन्हातच उभा करा!"

पुन्हा सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. मग पाणी आणतो म्हणून आत गेलो आणि तांब्या भरून वाहायला लागला तरी नळ बंद केला नाही.

त्यानंतर दर रविवारी फोनवर सांगायचं ठरवत होतो. दर रविवारी आम्ही हवामानावर बोललो.

*

आता शेवटचा. अगदी ताजा आहे, गेल्या शनिवारचा.

सुमनच्या दुसऱ्या वर्षश्राद्धासाठी केतकी घरी आली होती. दोन वर्षांत मी तिला युनिटकडे येऊ दिलं नव्हतं. कधी धूळ फार आहे म्हणायचो, कधी ऑडिट चालू आहे. त्या दिवशी माझी गाडी गॅरेजमध्ये होती. तिने फोन केला, "बाबा, मी येते न्यायला." मी म्हणालो, नको, रिक्षाने येतो. ती म्हणाली, "चार वाजून गेल्यावर निघते, काळजी करू नका."

मी चारच्या आधीच गेटवर जाऊन उभा राहिलो, म्हणजे तिला उतरावं लागणार नाही. पण अण्णांनी एका सहीसाठी आत बोलावलं. तीन मिनिटं. परत आलो तर केतकी स्कूटर लावून लिंबाखाली उभी, आणि इरम्माने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरलेला.

"आईवानीच हाय की गं! तेच नाक. तुजी आई बोर्ड घिऊन आली तवा हितंच बसली हुती बघ, ह्या दगडावर. मीच पाणी घातलं डोक्यावर."

केतकी म्हणाली, "इथे? आई इथे आली होती?"

"मग! बोर्ड नगं का आणायला?"

"कसला बोर्ड, मावशी?"

इरम्माने माझ्याकडे बघितलं. मौलाचाचांनी रजिस्टर उघडून त्यात मान घातली. शिफ्ट सुटून आलेल्या बायका जागच्या जागी थांबल्या. नरसय्या हात पुसत होता, तो पुसतच राहिला.

"सायब," इरम्मा हळू म्हणाली, "पोरीला म्हायती न्हाय व्हय?"

रिक्षाचं विचारायची सोय यावेळी नव्हती.

"केतकी," मी म्हणालो, "आईला मी पाठवलं होतं. युनिटचा बोर्ड आणायला. उन्हात बाहेर पडू नका, असा बोर्ड होता. मला चारच्या आत फोटो पाठवायचा होता. ती इथे आली, इथेच तिला त्रास झाला. तुझ्या पार्सलसाठी नव्हती निघाली ती."

एवढं मी एका दमात बोललो. सगळ्यांसमोर बोललो. आणि खरं सांगतो, मला वाटलं, झालं. सांगून झालं.

केतकीने इरम्माला वाकून नमस्कार केला. मग गाडी काढली आणि मला म्हणाली, "बसा."

वाटेत सिग्नल लाल लागला. 

आमच्याकडे उन्हाळ्यात लाल सिग्नलला कुणी पांढऱ्या रेघेवर थांबत नाही, ठाऊकच आहे तुम्हाला. रेघ उन्हात असते. जिथे झाडाची सावली पडते तिथे सगळ्या मोटारसायकली थांबतात, मग ती जागा रेघेपासून पन्नास पावलं मागे का असेना. मधला रस्ता मोकळा, तापलेला. केतकीनेही सावलीतच गाडी थांबवली. आमच्या मागे आणखी पाच-सहा गाड्या येऊन उभ्या राहिल्या.

ती समोर बघतच म्हणाली, "बाबा, त्या दिवशी सकाळी मी आईला फोन केला होता. म्हटलं होतं, चादरींची घाई नाही, ऊन उतरल्यावर टाक. ती हो म्हणाली होती."

मी सिग्नलवरचे उलटे आकडे मोजू लागलो.

"बोर्ड आणायला निघाली होती, तर पार्सल डिकीत कसं आलं?"

मी म्हणालो, "गाडीवर नको. घरी गेल्यावर सांगतो."

"इथे सांगा."

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. मोटारसायकलला दुधाच्या किटल्या लावलेला एकजण मान उंचावून ओरडला, "ओ ताई, सुटला की! चला की फुडं!"

"सुटू दे की," केतकी म्हणाली, आणि तिने गाडी बंद केली.